बॉयलरघरातलं फॉस्फेट

मेरियल हॅकेट आणि मी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकासलच्या विद्यापीठात एकाच प्रयोगशाळेत होतो. साबुदाण्याएवढे पांढरे मणी हा तिचा तीन वर्षांचा ध्यास. मण्यांच्या बारीक छिद्रांत अमाइन नावाचं चिकट, माशासारखा वास येणारं रसायन भरलेलं असायचं. वरून हवा सोडली की ते तिच्यातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायचं, तापवलं की सोडून द्यायचं, आणि मणी पुन्हा कामाला तयार. निदान तसं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात अशा धरण्या-सोडण्याच्या चाळीस फेऱ्यांतच मणी तपकिरी पडायचे आणि निम्मा वायूही धरेनासे व्हायचे.

तिने छिद्रं मोठी करून पाहिली, अमाइन बदललं, आच कमी केली. चाळीसच्या पन्नास फेऱ्या झाल्या, एवढंच. शेवटी विभागप्रमुखांनी तिला सांगितलं की हाती आहे तेवढं लिहून काढ आणि दुसरा विषय घे. तिने वापरलेल्या मण्यांच्या बरण्या टाकून द्यायला काढून ठेवल्या.

रॉस्को डनलेव्ही आमचा तंत्रज्ञ. पंप, झडपा, गळके नळ, सगळं त्याच्याकडे. गावातला पोलाद कारखाना बंद पडेपर्यंत तो तिथल्या बॉयलरघरात पाणी तपासायचा. त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी तो वापरलेल्या मण्यांची बरणी टाकायला घेऊन निघाला आणि खिडकीपाशी थांबला. बराच वेळ उजेडात धरून बघत होता.

"मेरियल, हा रंग गंजासारखा दिसतोय. यात लोखंड आहे का गं?"

"नाही. सगळ्यात शुद्ध अमाइन मागवलंय मी."

"शुद्ध म्हणजे किती शुद्ध, बाईसाहेब?"

तिला राग आला. नळवाल्याने मला रसायनशास्त्र शिकवू नये, असं ती नंतर माझ्याकडे पुटपुटली. पण संध्याकाळी तिनेच नमुना तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा तिने तो कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. लोखंड होतं. दहा लाख भागांत बारा भाग, पण गरम हवेतल्या ऑक्सिजनला अमाइन नासवायला तेवढी मदत पुरते.

मग ती रॉस्कोकडे गेली, आधी माफी मागितली आणि विचारलं की बॉयलरघरात तुम्ही लोखंडाचं काय करायचात. तो म्हणाला की पाण्यात फॉस्फेट टाकायचो. नको त्या धातूंना ते पकडून बसायचं, मग ते धातू उपद्रव करायचे नाहीत.

तिने मण्यांचे दोन भाग केले. एकात चिमूटभर फॉस्फेट मुरवलं, दुसरा होता तसाच ठेवला. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी लावल्या. पन्नासाव्या फेरीला साधे मणी नेहमीसारखे तपकिरी झाले. फॉस्फेटचे पांढरेच, आणि वायूही पहिल्याइतकाच धरत होते. तिला वाटलं वायू मोजणारा मापक बिघडलाय. रॉस्कोने तो उघडून, पुसून, पुन्हा जुळवून दिला. आकडा तोच आला. शंभर फेऱ्या झाल्या, दीडशे झाल्या. रोज सकाळी अख्खा मजला हातात चहाचे मग घेऊन तिच्या टेबलाभोवती जमायला लागला. विभागप्रमुख तर आपल्या खोलीच्या आधी इथे यायचे.

दोनशेव्या फेरीलाही मण्यांची वायू धरण्याची क्षमता जवळजवळ पहिल्या दिवसाइतकीच होती. मेरियल खुर्चीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. रॉस्कोने खिशातला तेलकट रुमाल पुढे केला, मग त्याच्याकडे बघून परत खिशात घातला. कोणीतरी खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकचा खोका आणला आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या शर्टांवर खोबऱ्याचा कीस.

शोधनिबंध लिहिताना तिने रॉस्कोचं नाव आपल्या शेजारी टाकलं. तो नको नको म्हणत राहिला. नळ दुरुस्त करणाऱ्याचं नाव बघून लोक हसतील, असं त्याचं म्हणणं.

"हसू देत," ती म्हणाली. "त्यांच्या मण्यांतलं लोखंड त्यांनी शोधावं."

ब्रिस्बेनच्या परिषदेत तिने त्यालाही नेलं. भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापिकेने विचारलं की ही कल्पना कोणत्या अभ्यासातून सुचली. मेरियलने ध्वनिक्षेपक रॉस्कोच्या हातात दिला. इस्त्रीचा शर्ट घातलेला रॉस्को उठला आणि शांतपणे म्हणाला, "सतरा वर्षं बॉयलर सांभाळला त्यातून."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. जेवणाच्या सुट्टीत निम्मे लोक ताटं घेऊन त्याच्याच टेबलाशी बसले, आणि तो काट्याने टेबलावर झडपांची चित्रं काढून काढून त्यांना समजावत होता.