टाकव्याच्या घाटातली पायलची बारी

परंदवडीची पायल रॅप करायला लागली की तळेगाव स्टेशनात गाड्या शिट्टी मारायच्या थांबतात, असं मी सांगत असतो. लोक हसतात. पण टाकवे बुद्रुकच्या बैलगाडा शर्यतीत झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. चष्मा घरी राहिला होता, तरी पाहिलंय.

हल्ली रॅप करणाऱ्या पोरी गावोगाव निघाल्यात, आणि एकेकीची जीभ अशी चालते की पोरांनी पाणी मागावं. तरी पोस्टरवर त्यांचं नाव तळाशी, आणि गाण्यात वाट्याला हूक, म्हणजे मधली परत परत येणारी गोड ओळ. लोणावळ्यात व्हायच्या कार्यक्रमासाठी रॅपर सुहासनं पायललाही हूकच दिला होता. कडवी तो म्हणणार. का, तर तिची कडवी तिचा भाऊ विक्की लिहून देतो, अशी आवई. अहो, विक्कीचा टेम्पो घेतल्यापासून मागून कोरा आहे. त्यावर लिहायला दोन शब्द सुचत नाहीत त्याला.

शर्यतीला सुहास व्हिडिओ काढायला आला होता. निवेदकाचा घसा सकाळीच बसलेला. पायल मंचावर चढली, माईक उचलला आणि सुहासला म्हणाली, "ही बारी मी बोलणार. बैल काय करत्याल ते विक्कीला आदीच ठावं असतंय व्हय? जमलं तर लोणावळ्यात कडवं माजं. न्हाई जमलं तर जल्मभर हूक गाते."

घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी, आणि बारी म्हणजे तिच्यावरची गाड्याची एक दौड. शिंक आली तर हुकते. बाजीराव आबांचे बैल सुटले, पायल सुटली. आबांची मिशी, बैलांची शिंगं, पुढं पळणारी घोडी, सगळं तिनं ठेक्यात धरलं. धूळ मागं राहिली, शब्द पुढं गेले. आणि अर्ध्या घाटात बैल थांबले. ऐकत, मान डोलवत उभे. घोडीसुद्धा मागं वळून बघायला लागली.

दौडच थांबली, आता बोलायचं कशावर? सुहास गालात हसला. तेवढ्यात पायल कडाडली:

"बैल थांबलं, आबा लाजलं, घाट गपगार झाला,
लिव्हलेला कागद दावा, का बैलानंच खाल्ला?"

घाट उसळला. उडालेले फेटे संध्याकाळपर्यंत खाली येत होते.

बारी हरलेले आबा आता चिडणार असं वाटलं. ते सुहासला म्हणाले, "माज्या बैलांना कळलं. तुला कवा कळायचं?"

सुहासनं मोबाईल खिशात घातला. कडवं तुझं, म्हणाला, पण मग हूक कोण गाणार?

"तू हाईस की," पायल म्हणाली. "आवाज ग्वाड हाय तुजा."

लोणावळ्यात त्यानं गायला, आणि बरा गायला. पायलनं काय केलं ते सांगायला बैलच हवेत. तेही आले होते, पण दारावरच्यानं पास मागितला.