एकोणिसावे पेव

"किर्दिना गावावर हल्ला करणारे सर्व इसम परदेशी होते. गावातील कोणाही नागरिकाचा त्यात सहभाग नव्हता. धान्याच्या पेवांच्या जागा नूरेन नामक सुदानी निर्वासिताने दाखवल्या, सबब त्याला सीमेपलीकडे परत धाडण्यात यावे."

अहवालात एवढी तीनच वाक्ये होती. फकी सिलेमानने ती तीनदा वाचली. चाळीस वर्षे तो गावातल्या मुलांना कुराण शिकवत आला होता, आणि गावाचे निकाह, वाटण्या, तक्रारी त्याच्याच अक्षरात लिहिल्या गेल्या होत्या. साक्षीदार म्हणून खाली त्याचा शिक्का हवा होता. प्रांताहून आलेला अधिकारी बाभळीच्या सावलीत चटईवर बसला होता, आणि तिसऱ्या प्रहराच्या नमाजाआधी त्याला निघायचे होते. त्याच बाभळीच्या बुंध्याला नूरेन बांधलेला होता.

पहिले वाक्य खरे होते, आणि अहवालात एखादे वाक्य खरे असते ते पुढच्या खोट्याची वाट सोपी व्हावी म्हणूनच. हे गाव आणि सुदान यांच्या मधली सीमेवरची नदी वर्षातले दहा महिने नुसती वाळू. सुदानातली यादवी तीन वर्षे तिच्या पलीकडच्या काठावर थांबली होती, जणू चाडमध्ये यायला तिला कुणाच्या परवानगीची गरज होती. गेल्या सोमवारी ती उंटांवर बसून आली, तीन माणसे मारून गेली आणि दुपारच्या आत गावाची ज्वारी घेऊन परतली.

दुसरे वाक्य मात्र फकीच्या घशाखाली उतरेना. कापणी झाली की प्रत्येक घर आपली ज्वारी पेवात पुरते. तळाला कोंडा, वर धान्य, त्यावर राख, मग माती. आणि शेवटी त्या मातीवरून शेळ्यांचा कळप असा फिरवतात, की पुढे खुद्द धन्यालाही पावले मोजूनच जागा सापडावी. गावात घरे एकोणीस. हल्लेखोरांनी खड्डे खणले एकोणीस. चाचपून पाहिलेला विसावा खड्डा कुठेही नव्हता.

धन्याखेरीज पेवाची जागा गावात एकाच माणसाला ठाऊक असते. धनी अचानक मेला तर त्याचे धान्य मातीतच राहू नये, म्हणून पेव बुजवण्याच्या दिवशी शेखला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, बोलावतात, चहा पाजतात, जागा दाखवतात. शेखवर अविश्वास दाखवणे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणे. शिवाय शेख तिजानीचे स्वतःचे पेवही लुटले गेले होते. त्यामुळे गावाने शंकेला दुसरे घर शोधले, आणि परक्या माणसाचे घर नेहमीच जवळ पडते.

"फकी, शाई वाळली का?" अधिकाऱ्याने विचारले.

"वाळू दे," अश्ता म्हणाली. सोमवारी मारल्या गेलेल्या तिघांत तिचा नवरा होता. "नवरा माझा गेला, आणि विचार हे करत बसलेत."

"दमानं घे, अश्ता," शेख तिजानी मऊ आवाजात म्हणाला. "फकी मनाचे मोठे. साप असला तरी उन्हात तडफडताना बघवत नाही त्यांना. चावला, त्याला ते काय करतील?"

नूरेनने मान वर केली. गेल्या कापणीला तो डोक्यावर शिलाई मशीन घेऊन नदी उतरून आला, तेव्हापासून फकीच्याच अंगणात राहत होता. पलीकडे त्याच्या जमातीच्या पुरुषाला वाटेत अडवून आधी नाव विचारत आणि उत्तर ऐकून गोळी घालत.

"बाबा, शिक्का मारून टाका," तो म्हणाला. "माझ्यापायी तुमच्या घराला बोल नको."

"तुला कुणी विचारलंय? गप बस," फकी म्हणाला.

फकीने लेखणी खाली ठेवली. त्याला नूरेन निर्दोष असल्याचे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पुरावा पायाखाली असताना तो पाच दिवस गप्प होता. कारण त्याच पुराव्यावर त्याचा आणि त्याच्या म्हाताऱ्या बायकोचा पावसाळ्यापर्यंतचा घास अवलंबून होता. या गप्प राहण्याला तो मनात सावधपणा म्हणत आला होता. अहवाल लिहिणाराही आपल्या तीन वाक्यांना असेच काहीतरी म्हणत असेल.

"शेख, माझं पेव कुठं होतं?"

"हे काय विचारणं? मशिदीमागं, कडुनिंबाखाली. सगळ्या गावानं बघितलाय तो खड्डा."

"खड्डा बघितला. ज्वारी कुणी बघितली?"

अश्ता दोन पावले पुढे आली.

"त्यात कोंडा होता," फकी म्हणाला. "वर राख, माती, शेळ्या, सगळं रीतसर केलं, आणि तुम्हाला चहा पाजून तीच जागा दाखवली. खरं पेव दुसरीकडं आहे. नूरेननं स्वतःच्या हातानं खणलंय ते. फितूर तो असता तर त्यांनी ते उपसलं असतं. त्यांनी कोंडा उपसला. ती जागा माझी आहे असं या दुनियेत एकच माणूस समजत होता."

"म्हणजे माझ्यावर तुमचा भरवसाच नव्हता?" शेखचा आवाज चढला. "चाळीस वर्षांचा शेजार, फकी!"

"तुमची मुलगी पलीकडं दिलेली. दर शुक्रवारी तिच्यासाठी दुवा मागायला लावायचात मला. यंदा कापणीपासून तिचं नाव काढणंच सोडलंत. मुलीची काळजी नसलेल्या बापाची मला भीती वाटते. आणि काळजी बोलून न दाखवणाऱ्याची त्याहून जास्त."

"हे सगळं बोलणंच झालं," अधिकारी कंटाळून म्हणाला. "अहवाल तयार आहे."

"मग चला माझ्या अंगणात, बघायला. नूरेनची शिलाई मशीन उचला."

अंगणातली मशीन उचलली, तिच्याखालची चटई गुंडाळली, माती उकरली. झाकण काढल्यावर कोंदलेली हवा निघून जावी म्हणून सगळे लांब उभे राहिले. पेवात घाईने उतरणारा पेवातच राहतो. मग पेटता दिवा दोरीने खाली सोडला. तो विझला नाही. त्याच्या उजेडात ज्वारी तांबूस दिसत होती.

अश्ताने आधी धान्याकडे पाहिले, मग फकीकडे.

"पाच दिवस माझी पोरं कोंडा उकळून पितायत, फकी. तुम्ही दारावरून जात होतात."

"जात होतो," फकी म्हणाला. "पाटी आण. सगळ्यांनीच आणा."

ती पाटी आणायला गेली नाही. बाभळीपाशी जाऊन तिने नूरेनची दोरी सोडली, आणि मग शेखसमोर येऊन उभी राहिली. शेख तिजानीने तिच्या नजरेला नजर देण्याचा प्रयत्न केला; नंतर तो हळूहळू जमिनीवर बसला.

फकीने अहवालाचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. शेख जे बोलला ते त्याने एक शब्द न बदलता लिहून घेतले आणि त्याखाली आपला शिक्का मारला:

"तीन वर्षं त्यांचं युद्ध नदीपलीकडं होतं, आणि माझी मुलगीपण नदीपलीकडंच होती. त्यांनी तिची दोन्ही पोरं धरून ठेवली आणि पेवं मागितली. नुसती ज्वारी नेऊ, माणसाला हात लावणार नाही म्हणाले. मला ते खरं वाटलं नव्हतं, तरी मी एकोणीस जागा सांगितल्या. माझीपण सांगितली, कुणाला संशय येऊ नये म्हणून. नूरेनचं नाव मीच दिलं. त्याच्यासाठी भांडायला गावात कुणी नसेल असं मला वाटलं."