जयसिंगची चिलीम

मी चिलीम. वीतभर लांब, तोंडाशी रुंद, बुडाशी निमुळती, भाजलेल्या मातीची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी हातात धरलं नसेल. चांगलं केलंत. पण माझ्या हातून एका घरात काय घडलं ते सांगितल्याशिवाय मला जायचं नाही, आणि मला वेळ फार नाही.

इनामगावच्या म्हाळू कुंभारानं मला केलं. माठांच्या भट्टीत मध्ये जी मोकळी जागा उरायची, तिथं तो आम्हा दहा-बारा चिलमींना ठेवायचा. बायकोला म्हणायचा, "माठ इकताना मान ताठ असती बघ. ह्या इकताना खाली जाती." तरी करायचा. लोक मागायचे.

कवठे येमाईच्या जत्रेत निमोण्याच्या जयसिंगनं मला उचललं. बुडाशी तोंड लावून फुंकर मारली, वारा आरपार जातो का ते बघितलं आणि खिशात टाकलं.

जयसिंग गुळव्या होता. दौंडच्या बाजूला एका गुऱ्हाळावर कामाला. रस आटत आला की गूळ नेमका कधी उतरवायचा, हे ज्याला कळतं तो गुळव्या. तो बोटं गार पाण्यात बुडवायचा, उकळत्या पाकातून थोडा पाक उचलायचा आणि बोटांत गोळी करून बघायचा. क्षणभर चुकलं तर सगळी काहील, म्हणजे कढईभर पाक, वाया. त्याची कधी चुकली नाही. मालक त्याला "जयसिंगआप्पा" म्हणायचा. त्याची बोटं मला आवडायची. खोटं कशाला बोलू?

बारा-बारा तास त्या धगीपुढं उभं राहायचं म्हणून तो मला ओढायला लागला. चिपाडाच्या ढिगामागं बसायचा. माझ्यात गांजा भरायचा, वर निखारा ठेवायचा आणि बुडाला ओली चिंधी गुंडाळायचा. तिला छापी म्हणतात. ती ओली करायला पाणी कुठलं? तर हात खळबळायच्या टाकीतलं. पिवळं, चिकट, वर माश्या. तीच छापी महिनोन् महिने. चौघं-पाच जण तोंड लावायचे.

गांजाची पुडी तो चिपाडाच्या ढिगात दडवायचा. पावसाळ्यात ढीग आतून ओला झाला आणि पुडीला पांढरी लव धरली. चुलवाणाला जाळ घालणारा ज्ञानेश म्हणाला, "आप्पा, बुरशी हाय ती."

जयसिंगनं फुंकर मारून लव उडवली. "बुरशी न्हाई रं येड्या, भस्म हाय. शंकराचा परसाद."

"मंग शंकरालाच द्या. मला नगं."

सगळे हसले. मी हसले नाही. ती लव माझ्या घशात बसली होती. तिचा वास मला पहिल्यांदाच कळला होता, कुजक्या गवतासारखा.

ओढल्यावर जयसिंग मऊ व्हायचा, झोपाळू व्हायचा. मिळालं नाही की मात्र त्याच्या अंगात कुणीतरी दुसराच शिरायचा. एकदा पुडी जागेवर नव्हती. त्यानं काही विचारलं नाही. पाकावरची मळी काढायचा लोखंडी झारा उचलला आणि ज्ञानेशच्या कानशिलात घातला. कान अर्धा फाटला. ज्ञानेश मागं कोलमडला, तेव्हा त्याचा पाय पाकाच्या बादलीत गेला. ते पोळलेलं कातडं पाकाला चिकटून आलं. असं ओरडताना मी माणसाला कधी ऐकलं नव्हतं. पुडी नंतर सापडली, ढिगाच्या दुसऱ्या अंगाला.

त्याच सुमाराला त्याला खोकला लागला. आधी कोरडा, मग छातीच्या तळातून. त्याची समजूत अशी की धूर आत गेला की कफ सुटतो. म्हणून खोकला वाढला की तो मला जास्तच ओढायचा. त्याची बायको शितल म्हणाली, "अवं, रातध्याड खोकताय, ती चिलीम तरी टाका." तो म्हणाला, "तिच्यावरच तर जगतोय."

शेवटी ती गुऱ्हाळावर गेली आणि मालकाच्या कानावर घातलं. मालक चारचौघांत जयसिंगला बोलला. तो मान खाली घालून ऐकत राहिला. घरी आला आणि दार लावलं.

शितलनं मला बाजरीच्या कोठीत लपवलं होतं. मी आतून सगळं ऐकत होते. "कुठं हाय?" असं विचारत तो तिची बोटं एकेक करून मागं वाकवत होता. ती सांगेना. करंगळी मोडली. कटकन आवाज आला. मग तिनं सांगितलं.

त्याची आई बयाबाई उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. शेजारीण धावत आली तेव्हा ती म्हणाली, "काय न्हाई, मोरीत पाय घसरला तिचा."

पंधरा दिवसांनी जयसिंगला ताप भरला. अंग इतकं थडथडायचं की खाट वाजायची. थुंकीत रक्त आलं. बोलताना दोन शब्दांत दम लागायला लागला. जीपमध्ये घालताना त्यानं मला आणि पुडीला शितलच्या हातात कोंबलं. "जपून ठेव. बरा झालो की लागंल."

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर निलोफर म्हणून होत्या. शिरूरच्या, वयानं लहान, बोलायला सरळ. छातीचा फोटो बघून म्हणाल्या, "न्यूमोनिया आहे, दोन्ही बाजूंना. हे काही ओढतात का? बिडी, तंबाखू, गांजा? घाबरू नका, मी पोलीस नाही."

बयाबाई पुढं झाली. "माझं लेकरू सुपारीला बी शिवत न्हाई, डॉक्टरीणबाई. गुऱ्हाळाचा धूर गेलाय छातीत."

चार दिवस सुया, सलायन, ऑक्सिजन. ताप हटेना. पाचव्या दिवशी सकाळी त्याची नखं निळी पडली. एकेका श्वासाला बरगड्या कातड्याबाहेर येतायत असं वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी दोघींना टेबलाशी बोलावलं. "औषध लागू पडत नाहीये. त्यांच्या छातीत काय गेलंय तेच मला कळत नाहीये. आज कळलं नाही तर ते जातील."

शितलचा हात पिशवीकडं गेला. बयाबाईनं तिचा दंड धरला आणि नखं रुतवली. "बोललीस तर घरात पाय ठिवू देणार न्हाई. गावात तोंड दावायचंय आपल्याला."

"कुणाचं तोंड, आत्या? ते मेल्यावर कुणाचं दावायचं?"

आणि तिनं मला टेबलावर ठेवलं. शेजारी छापी. शेजारी पुडी. तिच्या करंगळीला अजून पट्टी होती. "ह्यातनं वढत्यात, बाई. तीन वर्सं झाली."

डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडली. पांढरी लव सगळीकडं पसरली होती. त्यांनी मान मागं घेतली. "ही बुरशी आहे. धुरासोबत छातीत जाऊन वाढलीय. आपण दुसऱ्याच आजारावर औषध देत बसलो." मग बयाबाईकडं वळल्या. "आजी, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"सांगितलं आसतं तर…?"

डॉक्टरीणबाईंनी पुडी परत बांधली.

खाटेवरून जयसिंगनं हे बघितलं होतं. त्यानं तोंडावरचा मास्क ओढून काढला. अंगात जीव नव्हता, तरी खाटेवरून उतरला, शितलचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं खाटेच्या लोखंडी गजावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. सलायनची नळी तुटून रक्त फरशीवर उडालं. वॉर्डातल्या दोघांनी त्याला ओढलं, तोवर तो स्वतःच कोसळला होता. तोंड निळंकाळं, डोळे वर. शितलच्या भुवईतून रक्त गळत होतं. कुणीतरी तिच्याकडं कापूस घेऊन आलं, तर ती म्हणाली, "आदी त्यांच्याकडं बघा."

घशात नळी घालून त्याला वाचवलं. बुरशीवरचं औषध सुरू झालं. पुडी आणि छापी तपासायला गेली, मला शितलनं परत पिशवीत टाकलं. सव्वा महिन्यानं तो घरी आला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "छातीचा बराच भाग निकामी झालाय. परत धूर आत गेला तर माझ्याकडं आणू नका. माझ्या हातात काही राहणार नाही."

काल सकाळी शितलनं कपडे भरले. मला बयाबाईच्या ओंजळीत ठेवलं. "आत्या, तुमचा ल्योक जित्ता करून दिला. आता तुमी संभाळा." आणि ती एसटीला गेली. बयाबाईनं तिला थांबवलं नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार?

आता उन्हं चढलीत. बयाबाई परसात धुण्याच्या दगडाशी बसलीय आणि मी तिच्या पदरात. आतून जयसिंगचा आवाज येतोय, धाप लागलेला. "आये, चिलीम कुठंय?"

"माझ्याकडं न्हाई."

"शितलनं तुला दिलेली मी बघितलीय. नुसती हातात दे. वढत न्हाई."

तिनं मला पदरात आणखी गुंडाळलं. आतून तांब्या भिंतीवर येऊन आदळला. "दे म्हणतो ना! का तुझी बी बोटं मोडू?"

बयाबाईनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं.  मग मला पदरातून काढलं आणि उभी राहिली. 

"हाय," ती म्हणाली. एवढ्या मोठ्यानं की शेजारीण भिंतीवरून डोकावली. "हाय माझ्याकडं! माझा ल्योक गांजा वढतो, बायकोला मारतो, आन् मी झाकलं. ऐकलंत का गं सगळ्यांनी?"

आत खाट करकरली. तो उठतोय. भिंतीला धरत, खोकत येतोय.

तिचा हात वर गेलाय. मी तिच्या मुठीत आहे आणि खाली दगड आहे. ती मूठ घट्ट आहे, पण म्हातारी आई आहे, आणि लेक दारात आला तर काय होईल ते मला ठाऊक नाही.

बये, त्याच्याकडं बघू नकोस. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नकोस, मी नुसती माती आहे. तो उंबऱ्यापाशी आलाय.

आपट.