दहा मोजेपर्यंत

“हिलू नका बिलकुल, काका. आणि ती मगर जरा बाजूला ठेवा.”

तपासणाऱ्या सीमंतिनीने माझ्या छातीवर थंडगार जेल फासलं तेव्हा माझ्या गोष्टीतली मगर ऐन रंगात आली होती. तिघऱ्याच्या धरणातून ती पाइपात शिरली आणि माधवगंजात शालिनीताईंच्या बादलीत डोकं काढून म्हणाली, ‘आज पाणी लेट आलं हं.’ एकतीस वर्षं मी माधवगंजाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. एवढ्या नोकरीत एखादी मगर भेटणारच.

जयेंद्रगंजातल्या त्या दवाखान्यात मी हृदयाचा इको काढायला गेलो होतो तो एका चढापायी. माझी नात निधी चार वर्षांनी बेंगळुरूहून येणार होती. दर रविवारी फोनवर मी तिला सांगायचो, आज किल्ला चढून आलो, वरून तुझ्या बेंगळुरूला हात केला. आता ती म्हणत होती, मलाही न्या, पायी. आणि इकडे घराचा जिना मला दोन दमांत चढावा लागत होता.

मी डाव्या कुशीवर पडलो होतो. पडद्यावर जोडीजोडीने शिखरं उमटत होती. एक उंच, एक बुटकं.

“झडप उघडली की रक्त आपसूक खाली येतं, ते पहिलं शिखर,” सीमंतिनी म्हणाली. “उरलेलं वरचा कप्पा ढकलतो, ते दुसरं. पहिलं मोठं पाहिजे. आहे.”

“म्हणजे किल्ला पक्का!”

ती कुठलेसे आकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली.

“बीपी किती वर्षं आहे?”

“बीपी मला घाबरतं.”

“काका.”

“अठरा वर्षं.”

“आता श्वास रोखा आणि पोटावर जोर द्या. भारी सामान उचलताना देतो ना, तसा. मी दहा मोजते.”

मी माझ्या मुलाची, अभिरामची पेटी उचलली. म्हणजे मनात. माझी बायको कुमुदिनी जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मुलगा बेंगळुरूला निघाला होता. ‘बाबा, चला ना तुम्ही पण,’ म्हणाला. मी सांगितलं, मी आलो तर लश्कर भागातली अख्खी वस्ती तहानेनं मरेल. पेटी चढवली, गाडी हलली, आणि मी अस्साच श्वास कोंडून उभा राहिलो. हमालाने विचारलं तर म्हटलं, डोळ्यांत इंजिनाचा धूर गेला. गाडी विजेची होती.

“दहा. सोडा.”

पडद्यावर शिखरांनी जागा बदलल्या होत्या. पहिलं पार बसलं होतं, दुसरं डोकं वर काढून उभं.

“हे खरं,” ती हळूच म्हणाली. “आधीचं नुसतं नॉर्मल दिसत होतं.”

मी व्हॉल्व्हवाला, मला कोण शिकवणार? “आधी वरची टाकी तुडुंब, म्हणून धार जोरात; श्वास कोंडला तसा तो दाब उतरला. खालची आखडलीय.”

“अगदी. आवळतं छान, पण सैल पडायचं विसरलंय. म्हणून नीट भरत नाही. डॉक्टरसाहेब औषध देतील. पण किल्ला सध्या नाही, काका.”

“म्हणजे एवढा वेळ हृदय थापा फेकत होतं?”

“कुणावर गेलंय कोण जाणे!” छाती पुसायला कागद देत ती म्हणाली.

संध्याकाळी निधीचा फोन आला.

“आजोबा, परसों येतोय आम्ही! किल्ल्यावर किती वाजता निघायचं?”

“बेटा,” मी म्हटलं, “मी किल्ला चढत नाही. तुझी आजी गेल्यापासून एकदाही चढलो नाही. मला घराचा जिनासुद्धा चढवत नाही.”

पलीकडे ती खो खो हसत सुटली.

“पप्पा, सुनो! आजोबा म्हणतात त्यांना जिना नाही चढता येत! फिर फेक रहे हैं!”

अभिरामही हसला. फार दिवसांनी त्याचं हसू ऐकलं.

“बाबा, चढायला म्हणून तुमच्यासाठी बूट घेतोय. आठ नंबर ना?”

“आठच,” मी म्हणालो. आणि श्वास कोंडून मनात मोजायला लागलो.