तळाचा नंबर

धान्य मोजायचं जुनं लाकडी माप खिडकीशी नेऊन तिने उलटं धरलं आणि भिंगातून तळाचा नंबर पाहिला. चार ताठ उभा होता. मोठ्या सरांचा चार नेहमी डावीकडे कलायचा, दमलेल्या माणसासारखा.

संग्रहालयात वस्तू आली की बारीक कुंचल्याने तळाशी पांढरा नंबर घालायचा आणि वर लाखेचा पातळ हात द्यायचा. तीस वर्षं हे काम मोठ्या सरांनी केलं आणि दुसऱ्या कुणाला कुंचल्याला हात लावू दिला नाही. ते निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची तिला मिळाली. गळ्यात सदा भिंग, म्हणून सगळे तिला भिंगबाई म्हणत. म्हणोत बापडे. आज त्याच भिंगाने परक्या हाताचे एक्केचाळीस नंबर शोधले होते, सगळे सरांच्या शेवटच्या चार वर्षांतले.

नंबर दुसऱ्याचा म्हणजे वस्तूही दुसरी. अस्सल बाहेर गेली आणि नक्कल कपाटात बसली, असाच हिशेब तिने मांडला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला तिने सहज म्हणून विचारलं. शेवटी शेवटी सर अधूनमधून एक कापडी पिशवी घरी नेत, सकाळी परत आणत, असं तो म्हणाला. तिने रोखून पाहिल्यावर ओशाळला.

"सरांची पिशवी आम्ही कशी उघडणार, बाई?"

म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं होतं. तिला राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं, कारण कुंचला सोडून बाकी सगळं काम तिला सरांनीच हाताला धरून शिकवलं होतं. तरी तिने संचालकांच्या नावे तक्रार लिहून पाकिटात घातली. ते उद्या दहाला येणार होते. एकदा पाकीट उघडलं की म्हाताऱ्याच्या अब्रूचं खोबरं व्हायला वेळ लागणार नव्हता. त्याआधी तोंडावर विचारायला हवं, म्हणून तिने माप पर्समध्ये टाकलं आणि निघाली. पहारेकऱ्याने नेहमीसारखा सलाम केला.

सरांच्या घरचं दार काकूंनी उघडलं. सर खिडकीपाशी बसले होते. ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत टेकली. शेजारच्या स्टुलावर औषधाच्या बाटल्या होत्या आणि एकीवर चिकटवलेल्या कागदावर वेळ लिहिली होती: दुपारी ४. तोच ताठ चार. हे अक्षर काकूंचंच असणार. म्हणजे नवरा-बायको दोघंही यात होते तर.

तिने माप सरांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि अंगठा काठावरून फिरवत एका जागी थांबवला.

"इथे किडीने खाल्लं होतं. मी मेणाने बुजवलं. अजून धरून आहे."

नोंदवहीत अगदी हेच लिहिलेलं होतं. म्हणजे माप अस्सल होतं. मग नंबर परका कसा? तळ पुन्हा बघावा म्हणून ती उठली आणि त्यांच्या मागे जाऊन वाकली. सरांनी माप पुढे केलं, तिच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"घे. नंबर नीट दिसतोय ना?"

ती जागीच थांबली. काकू ओले हात पदराला पुसत जवळ आल्या आणि आवाज खाली घेऊन बोलू लागल्या. इमारत संरक्षित, भिंतीला खिळा ठोकायची बंदी, त्यामुळे नोंदणीच्या खोलीत पुरेसा दिवा कधी आलाच नाही. आधी सरांना त्या अंधुक खोलीत दिसेना, मग उजेडातही दिसेना.

"ते इथे बसून सांगायचे, मी नंबर घालायचे. तिकडे कळलं असतं तर घरी बसवलं असतं गं त्यांना."

सरांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. माप अजून रिकाम्या खुर्चीसमोर धरलेलंच होतं.

"बाहेर काढायची परवानगी घेतलीस ना?"

तिने काकूंकडे पाहिलं.

"घेतली, सर."

"हं," सर म्हणाले. "मीही असंच सांगायचो."

ती पुढे आली, खुर्चीत बसली आणि मग तिने माप त्यांच्या हातून घेतलं.