कॅप्टन, वय वर्षे तीन

"तीन वर्षांचं पोरगं कॅप्टन कसं होईल गं?" लॉइड थ्रॉलने बीन्सचा चमचा तोंडाशीच थांबवून विचारलं.

"तेच तर मी तुला विचारतेय," हेप्सी म्हणाली आणि वंशावळीच्या दप्तराची किल्ली टेबलावर ठेवावी की नाही या विचारात ती हातातच घट्ट धरून बसली.

चर्चच्या तळघरात कॅप्टन अबायजा थ्रॉलच्या वंशजांचं वार्षिक जेवण चाललं होतं. कॅप्टनने पावणेतीनशे वर्षांपूर्वी फ्रेंचांविरुद्ध गावची तुकडी नेली होती आणि बरीचशी परतही आणली होती. वंशज एकशे चाळीस. प्रत्येकाच्या भिंतीवर हेप्सी पेकहॅमच्या सहीचा वंशज असल्याचा दाखला. एकतीस वर्षं वंशावळीचं दप्तर तिच्याकडे होतं, त्याआधी तिच्या आईकडे. कॅप्टनचे आईबाप तेवढे सापडत नव्हते. ते सापडले की किल्ली सोडायची आणि फ्लोरिडाला मावसबहिणीकडे कायमचं जायचं, हे तिचं ठरलेलं.

मार्चमध्ये कॅप्टनच्या जन्माची नोंद सापडली, आईबापांच्या नावांसकट. मावसबहिणीने खोलीला पडदेसुद्धा लावले. आणि गेल्या मंगळवारी वाऱ्याने दफनभूमीतला मेपलचा जुना वृक्ष उन्मळला. मुळांबरोबर एक दगड वर आला : अबायजा, थॉमस थ्रॉलचा मुलगा, वय वर्षे तीन. नोंदीतला बाप तोच, जन्माची तारीखही तीच.

"मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे," हेप्सी म्हणाली. "आपला कॅप्टन याच्या पाठचा कुणीतरी. नाहीतर दुसऱ्याच घरचा."

"आणखी कुणाला ठाऊक आहे हे?"

"मेपलला."

लॉइड निवृत्त दंतवैद्य होता. वाईट बातमी हसत सांगायची त्याला सवय होती. "अगं वेडे, उद्या तुझं विमान! गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

गप्प बसण्याचा प्रयत्न हेप्सीने पाच दिवस करून पाहिला होता.

लॉइडने विषय सभेपुढे मांडला. चर्चा अकरा मिनिटं चालली. मुलगा वयाच्या मानाने थोराड असेल, असं एका म्हाताऱ्याने सुचवून पाहिलं. शेवटी दोन ठराव एकमताने झाले. दरवर्षी कॅप्टनच्या नावाने दफनभूमीत रोवायचा मानाचा झेंडा तूर्त तीन वर्षांच्या अबायजाने सांभाळावा. आणि खरा कॅप्टन हेप्सीने शोधावा. टाळ्या पडल्या.

"ती किल्ली राहू दे तुझ्याकडेच," लॉइड हसत म्हणाला. "तुझ्याशिवाय आहे कोण आम्हाला?"

दुपारी हेप्सीने दफनभूमीत छोट्या अबायजाच्या दगडाशी झेंडा रोवला. तो दगडाहून हातभर उंच झाला.

मग नेहमीसारखी ती कुंपणाकडच्या लहान दगडापाशी गेली. हेप्सिबा पेकहॅम, वय अकरा महिने. ही तिची थोरली बहीण. ती गेल्यावर वर्षभराने हेप्सी जन्मली, तेव्हा आईने नाव तसंच पुढे चालवलं होतं, पुढे दप्तरही.

हेप्सीने पानं झाडली, अक्षरांतलं शेवाळ नखाने काढलं. मग किल्ली दगडावर ठेवून पाहिली. थोडा वेळ राहू दिली.

आणि उचलून खिशात टाकली.