सहाला एक मिनिट कमी

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे आणि मी डूख धरतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

अमेरिकेच्या पोटातल्या आमच्या गव्हाच्या राज्यात विधानभवन बांधलं, तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराने मला अक्रोडाच्या लाकडात बसवलं. सभागृहाच्या अध्यक्षांच्या खुर्चीच्या वर माझी जागा. सुरुवातीची वर्षं मानाची गेली. आमदार माझ्याकडे बघून भाषण आवरत. दर सोमवारी मला चावी मिळे, वर्षातून एकदा तेल. लोकांचा पैसा जपून वापरणारी माणसं होती ती. खुर्ची मोडली तर दुरुस्त करून घ्यायची.

मग खर्चिक मंडळी आली. नवे गालिचे आले, नवी खाती आली, आणि एकदा आलेलं खातं पुन्हा कधी बंद झालं नाही. कात्री लागली ती माझ्या तेलाला! शिवाय एक वाईट चाल पडली. कायद्याने शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला अधिवेशन संपतं. पण खर्चाची विधेयकं उरली असली, की सहाला एक मिनिट कमी असताना अध्यक्ष म्हणायचे, "थांबवा त्याला." द्वारपाल शिडीवर चढून माझा लंबक धरायचा. मी थांबलो, म्हणजे सहा वाजलेच नाहीत! दरवर्षी माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं. मी मनात म्हणायचो, एक दिवस बघून घेईन.

तो दिवस अध्यक्ष रॉस टेलफर यांच्या काळात आला. राजधानीत भव्य क्रीडागार बांधायचं आणि त्यासाठी किराणा मालावर कर लावायचा, असं त्यांचं विधेयक. व्हर्ना स्टकी नावाच्या आमदारबाई विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचं गाव राज्याच्या हद्दीवर, तिथे एकच किराणा दुकान उरलेलं. कर बसला की लोक पलीकडच्या राज्यातून सामान आणणार आणि ते दुकान बंद पडणार.

"सरकारचा पैसा म्हणून काही नसतं, अध्यक्ष महाराज," त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांच्या पिठा-अंड्यांतून काढताय तुम्ही तो."

"बसा हो स्टकीबाई! तुमच्या गावात क्रीडागार होत नाही म्हणून जळता होय?"

सभागृह खदखदून हसलं. मला थांबवलं आणि विधेयक मंजूर झालं. टेलफरांनी बाहेर हिरवळीवर जेवण ठेवलं होतं. त्यांचे पाठीराखे आमदार भाजलेल्या मांसाच्या वासावर धावले. व्हर्नाबाईंच्या बाजूची माणसं जागची हलली नाहीत. फुकटच्या जेवणाला ती कधीच जात नसत. सँडविच घरूनच आणत.

"चालू करा," अध्यक्ष म्हणाले. माझे सहाचे टोले पडल्याशिवाय अधिवेशन संपत नसे. द्वारपालाने लंबक ढकलला. मी दोन झोके घेतले आणि अडून बसलो. पुन्हा ढकलला. छे! शेवटी टेलफर स्वतः शिडीवर चढले आणि मला गदागदा हलवू लागले. "चाल ना रे, मेल्या!"

व्हर्नाबाई उठल्या. "अध्यक्ष महाराज, अजून सहा वाजले नाहीत. मी फेरमतदान मागते."

"काहीतरीच काय! सहा केव्हाच वाजून गेले!"

"असं? मग तुमचं विधेयकही सहानंतरचंच. रद्दच की ते!"

शिडीवरच टेलफरांचा चेहरा पडला. फेरमतदान पुकारावं लागलं. मतदान सुरू झालं की दारं बंद, हा नियमच. बाहेरून तेलकट हात दारं बडवत होते आणि आत विधेयक पडलं. मग मी चाललो. सहाचा एकेक टोला त्या माणसाच्या डोक्यावर हाणला. काय सांगू, किती गोड वाटलं!

दुसऱ्याच दिवशी मला तळघरात टाकलं. इथे ओल आहे, गंज चढतोय. एकदा व्हर्नाबाई तेलाची बाटली घेऊन आल्या. चाकांना तेल घालत म्हणाल्या, "दुकान चालू आहे बरं. मी अध्यक्ष झाले की तुला पुन्हा वर लावते."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, त्यांच्याकडून लबाडी करून घेऊ नका. आणि व्हर्नाबाई, तुम्ही मला अवश्य वर लावा. पण तुमच्या एखाद्या आवडत्या विधेयकासाठी माझ्या लंबकाला हात लावलात, तर तुम्हालाही सोडणार नाही.